उरलेला डोस कुणाचा? प्रश्न एकविसाव्या माणसाचा

लसीची एक बाटली म्हणजे दहा डोस. कोविशिल्डची बाटली एकदा उघडली की हातात चार तास. तेवढ्या वेळात दहा दंड मिळाले नाहीत तर उरलेली लस कचऱ्यात. २०२१ साली हे गणित देशातल्या प्रत्येक लसीकरण केंद्रावर रोज मांडले जात होते.

आता या गणितात माणसे घालू. केंद्रावर वीस माणसे आली तर दोन बाटल्या उघडतात आणि प्रश्न मिटतो. एकवीस आली तर? तिसरी बाटली उघडली तर नऊ डोस उरतात. ते कुणाला द्यायचे? उघडली नाही तर एकविसावा माणूस हात हलवत परत जातो. तो माणूस कोण असतो?

मित्रांनो, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी वाटतात, पण आमच्या मते ती एकाच ठिकाणी जाऊन पोचतात. बाटली उघडली की फोन जातात ते ओळखीच्यांना. बाटली उघडली नाही की परत जातो तो बिनओळखीचा. आणि आपल्या गावांत कुणाची कुणाशी ओळख असावी, कोण कुणाच्या ओटीवर बसावे, कुणाचा नंबर कुणाच्या मोबाईलमध्ये असावा, हे अजूनही बऱ्याच अंशी जातच ठरवते. म्हणून उरलेल्या डोसचा प्रश्न आरोग्य खात्याच्या रजिस्टरपुरता मर्यादित नाही. तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, कोविड गेला, आता हे उकरून काय काढता? उकरायचे कारण असे की बाटली गेलेली नाही. लहान मुलांची बीसीजी, गोवर-रुबेला, कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस, या सगळ्यांत एका बाटलीत एकाहून अधिक माणसांचा वाटा असतो आणि उघडल्यावर मोजकेच तास हातात असतात. उद्या नवी साथ आली तर पुन्हा तीच बाटली, तोच फोन आणि तोच एकविसावा माणूस असेल. नियम साथीच्या आधी ठरवावे लागतात. साथीत ठरतात त्या फक्त सोयी.

बाटलीचे गणित आणि वरून आलेला धाक

आधी घटनाक्रम नीट पाहू. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. १ मार्चपासून साठीपुढचे आणि पंचेचाळिशीपुढचे आजारी, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सगळे, १ मेपासून अठरापुढचे. प्रत्येक टप्प्यावर एक रेघ होती. रेघेच्या अलीकडचा पात्र, पलीकडचा अपात्र. उरलेला डोस ही या रेघेतली फट होती.

केंद्र सरकारच्या सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत दहा टक्के लस वाया जाईल असे धरूनच हिशेब केला होता. मार्चमध्ये पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत तेलंगणा, आंध्र, उत्तर प्रदेश यांची नावे घेऊन वाया गेलेल्या लसीवर बोट ठेवले. तेव्हा देशाची सरासरी साडेसहा टक्के सांगितली गेली. मे महिन्यात केरळने आपला हिशेब मांडला: मिळालेले डोस ७३,३८,८०६ आणि दिलेले डोस ७४,२६,१६४. बाटलीत नुकसानभरपाई म्हणून थोडी जास्त लस भरलेली असते. तिथल्या परिचारिकांनी तीही हलक्या हाताने काढली आणि माणसांना दिली. हे कौशल्य कौतुकाचेच आहे. त्यानंतर ८ जूनला केंद्राने नवे धोरण जाहीर केले आणि त्यात स्पष्ट म्हटले की जे राज्य लस वाया घालवेल त्याच्या वाट्यावर परिणाम होईल.

हा धाक वरून खाली कसा उतरला ते पाहा. केंद्राने राज्याला सांगितले, राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने आरोग्य केंद्राला, आणि शेवटी तो येऊन पडला एएनएम ताईंच्या आणि आशाताईंच्या डोक्यावर. म्हणजे तुटपुंज्या मानधनावर उन्हातान्हात वाड्या पालथ्या घालणाऱ्या बाईवर. याच जून महिन्यात महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, हे विसरू नये. डोस वाया गेला तर खुलासा तिला विचारणार. माणूस परत गेला तर? तो खुलासा कुणीच कुणाला विचारत नव्हते. वाया गेलेल्या डोसासाठी रकाना होता. परत पाठवलेल्या माणसासाठी रकानाच नव्हता.

आमच्या सगळ्या युक्तिवादाचे मूळ इथे आहे. ज्याची नोंद होते त्याची काळजी घेतली जाते. ज्याची नोंद होत नाही तो माणूस असून नसल्यासारखा.

'बेगीन ये' म्हणणारा फोन

कसाल हा मुंबई-गोवा महामार्गावरचा तिठा. मालवणकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. ओरोसचे जिल्हा मुख्यालय हाकेच्या अंतरावर. बाजारपेठेजवळ राहणारा माणूस दहा मिनिटांत कुठेही पोचतो. पण कोकणातले गाव म्हणजे एका जागी वसलेले गाव नव्हे. गाव म्हणजे वाड्या. एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत वहाळ, घाटी, कातळ, पाणंद. आणि बौद्धवाडी बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला, रस्ता संपतो त्याच्याही पुढे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर अशी नावे सुचवली. चांगले झाले. पण पाटी बदलली म्हणून वाडीचे अंतर कमी झाले नाही.

आता संध्याकाळचे चार वाजले आहेत. बाटलीत पाच डोस आहेत आणि हातात तास-दीड तास. केंद्रावरच्या ताई मोबाईल काढतात. कुणाला फोन लावणार? ज्याचा नंबर आहे त्याला. जो उचलेल त्याला. ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याला. "लस उरली हा, बेगीन ये" एवढेच वाक्य. यात कुणाचा वाईट हेतू नाही. ताईंना डोस वाचवायचा आहे. पण या एका वाक्याने कुणापर्यंत पोचायचे हे आधीच ठरलेले असते: दुकानदार, ग्रामपंचायतीतला सदस्य, शिक्षक, पुढाऱ्याचा भाचा, कर्मचाऱ्याची वहिनी. डोंगरापलीकडच्या वाडीत काजूच्या बागेत मजुरीला गेलेली बाई या मोबाईलमध्ये नाही. असली तरी तिथे रेंज नाही. रेंज असली तरी तिच्या दारात दुचाकी नाही.

आम्ही त्या काळात जिल्ह्यातल्या काही वाड्यांत नोंदणीला मदत करत होतो. पंचेचाळिशीपुढच्या कितीतरी मजूर स्त्रिया आम्हाला भेटल्या ज्या एका केंद्रावरून दोनदा परत आल्या होत्या. पहिल्यांदा "आज माणसे कमी आहेत, बाटली फोडता येणार नाही" म्हणून आणि दुसऱ्यांदा "आजचा साठा संपला" म्हणून. दोन दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. आणि मग शहाणी माणसे म्हणायला मोकळी झाली की या वस्त्यांत लसीविषयी अज्ञान आहे.

दुसऱ्या बाजूला अठरापुढच्यांना लस खुली होण्याआधीच विशीतल्या एका तरुणाचा लस घेतानाचा फोटो एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर गाजला. तो एका माजी मुख्यमंत्र्यांच्या नात्यातला होता. नियम सर्वांना सारखे असावेत असे खुद्द त्या नेत्यांनाही सांगावे लागले. एका तरुणाला झोडपण्यात आम्हाला रस नाही. त्याच्यावर टीका करणाऱ्यांपैकी किती जणांना आपापल्या गावात 'उरलेला' डोस मिळाला होता, हा खरा प्रश्न आहे.

ऑनलाइन नोंदणीने ही विषमता मिटेल असे सांगितले गेले. झाले उलटे. सुरुवातीचे महिने कोविन इंग्रजीत. ओटीपीसाठी फोन हवा, स्लॉट मिळवायला जलद इंटरनेट हवे. मे महिन्यात मुंबई-ठाण्याची माणसे पालघरच्या आदिवासी तालुक्यांतले स्लॉट घेऊन गाड्यांतून लस घ्यायला जात होती. त्या तालुक्यांतली माणसे रांगेबाहेर उभी होती. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही केवळ डिजिटल पोर्टलवर अवलंबून राहणाऱ्या धोरणावर बोट ठेवले. त्याआधी आठवडाभर, २४ मे रोजी, सरकारने सरकारी केंद्रांवर अठरापुढच्यांची जागेवर नोंदणी करायला परवानगी दिली होती. तिचे एक कारण काय सांगितले होते? दिवसअखेर डोस वाया जाऊ नयेत. म्हणजे फोन नसलेल्या माणसासाठी दार उघडले ते त्याचा हक्क म्हणून कमी आणि बाटली वाचावी म्हणून जास्त!

"वाया जाण्यापेक्षा बरे" हा युक्तिवाद

आमच्याशी वाद घालणारे मित्र म्हणतात, "अहो, कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्याही दंडात गेलेला बरा. प्रत्येक डोसाने साथ थोडी तरी मागे हटते."

हा मुद्दा आम्हाला मान्य आहे. डोस फेकावा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. न्यायाच्या नावाखाली औषध गटारात ओतणे हा न्याय नव्हेच. पण या युक्तिवादात एक लबाडी लपलेली आहे. त्यात फक्त दोनच पर्याय दाखवले जातात, कचरा किंवा ओळखीचा माणूस. तिसरा पर्याय, म्हणजे आधी ठरवलेल्या आणि सगळ्यांना माहीत असलेल्या यादीतला पुढचा माणूस, दाखवलाच जात नाही. घाई खरी असते, पण ती अचानक आलेली नसते. रोज संध्याकाळी बाटली उरू शकते हे सकाळीच माहीत असते. जे रोज घडते त्याला आणीबाणी म्हणता येत नाही.

यासाठी एक परदेशी उदाहरण मुद्दाम सांगतो. २९ डिसेंबर २०२० ला अमेरिकेत टेक्सासमधल्या हंबल या गावी डॉ. हसन गोकल हे लसीकरण शिबिरावर होते. शिबिर संपताना एक पात्र माणूस आला, त्याच्यासाठी बाटली उघडली आणि दहा डोस उरले. हातात सहा तास. तिथल्या माणसांना विचारून झाल्यावर त्यांनी ओळखीपाळखीतून वृद्ध आणि आजारी माणसे शोधली, रात्री घरोघरी जाऊन डोस दिले, आणि शेवटचा माणूस आला नाही तेव्हा मुदत संपायला काही मिनिटे असताना तो डोस फुप्फुसाचा आजार असलेल्या आपल्या पत्नीला दिला. त्यांना नोकरीवरून काढले आणि चोरीचा आरोप ठेवला. न्यायाधीशांनी तो फेटाळला, पुढे ग्रँड ज्युरीनेही खटला चालवायला नकार दिला.

डॉ. गोकल यांनी केले ते आमच्या मते बरोबरच होते. एकासाठी बाटली उघडली आणि उरलेले दहाही डोस गरजूंना दिले. पण त्या प्रकरणात एक काटा आहे. त्यांच्या सांगण्यानुसार चौकशी करणाऱ्यांचा एक आक्षेप असा होता की लस मिळालेल्यांत भारतीय नावे फार दिसतात. त्यांच्यावर हा आक्षेप घेणे अन्यायाचे होते, कारण डॉक्टरांना नियमच दिलेला नव्हता. पण आक्षेपाने एक गोष्ट उघडी पाडली. एक सज्जन, कर्तव्यदक्ष डॉक्टरसुद्धा नियम नसताना आपल्या फोनमधल्या नावांकडे वळतो, आणि फोनमधली नावे बहुधा आपल्यासारख्यांचीच असतात. तिथे ती वंशाने ठरतात, इथे जातीने. माणूस चांगला असून भागत नाही. व्यवस्था चांगली लागते. बाबासाहेबांनी राज्यघटना लिहिताना माणसांच्या चांगुलपणावर विसंबून न राहता हक्क लिहून ठेवले, त्याचे कारणही हेच.

न उघडलेली बाटली

उरलेल्या डोसाची चर्चा खूप झाली. न उघडलेल्या बाटलीची फारशी कुणी केली नाही. आमच्या मते मोठा अन्याय तिथे आहे, कारण तो दिसत नाही.

मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात काही लसींना उघडी बाटली वापरण्याचे धोरण लागू आहे. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, पोलिओचे थेंब यांची उघडलेली बाटली अटी पाळून अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. पण बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी पावडरच्या रूपात येतात आणि पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवाव्या लागतात, नाहीतर फेकाव्या लागतात. मग ज्या वाडीत एकच बाळ आहे तिथे काय होते? "पुढच्या सत्राला या, तेव्हा मुले जमतील." जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे की एक मूल समोर असले तरी बाटली उघडावी, कारण ते मूल पुन्हा येईलच याची खात्री नसते. शिफारस कागदावर राहते आणि धाक डोक्यावर.

याचा तोटा कुणाला? मोठ्या वाडीत मुले आपोआप जमतात. लहान, विखुरलेल्या, गावाच्या टोकाच्या वाडीत जमत नाहीत. बौद्धवाडी, चर्मकारवाडी, धनगरवाडा ही घरे संख्येने थोडी. म्हणजे नियम जात पाहून केलेला नाही, पण त्याचा फटका जात पाहून बसतो. समाजशास्त्रात याला संरचनात्मक भेदभाव म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर शिवी न देता दिलेली वागणूक.

आणि गोवर गणित माफ करत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि मुले दगावली. त्या वस्त्या कुणाच्या आहेत हे तुम्हाला सांगायला नको. परत पाठवलेली, राहून गेलेली, "पुढच्या वेळी" म्हटलेली मुले अशी एकत्र येतात.

रेबीजच्या लसीचेही तसेच. त्वचेत द्यायच्या पद्धतीत एका बाटलीत अनेकांचे भागते, म्हणून ती सरकारी दवाखान्याला परवडणारी आणि चांगली पद्धत. पण बाटली थंड ठेवूनही सहा ते आठ तासच टिकते. म्हणून कुत्रा चावलेल्या माणसाला "आणखी दोघे-तिघे येऊ देत" म्हणून थांबवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. या रोगाला नंतर औषध नाही.

इथे शासन एक सबब सांगते: दुर्गम वाड्या, वाहन नाही, शीतसाखळी. अडचणी खऱ्या आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्याची वीज घालवली तेव्हा दोन ते आठ अंशांत लस जपणे म्हणजे काय असते हे सगळ्यांनी पाहिले. पण त्याच उन्हाळ्यात मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांच्या दारात खासगी रुग्णालयांची शिबिरे भरली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हर घर दस्तक' मोहीम निघाली आणि लस घरोघरी गेलीच. म्हणजे लसीला दारापर्यंत जाता येते. कुणाच्या दारी आधी जायचे एवढेच ठरायचे असते.

हे आजचे नाही

देवीची लस १८०२ साली मुंबईत आली. १४ जूनला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. तेव्हा बाटली नव्हती. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून द्रव घेऊन दुसऱ्याच्या दंडात टोचत. या पद्धतीत खालच्या मानलेल्या जातींची मुले लसीचा साठा म्हणून वापरली गेली आणि त्यांच्या अंगातली लस घ्यायला वरच्या म्हणवणाऱ्या जातींची कुटुंबे नकार देत, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. म्हणजे लस आमच्या शरीरातून निघाली तर ती बाटलेली, आणि बाटलीतून आली तर आमच्यापर्यंत शेवटी!

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्याजवळ यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीमाई रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला, पांडुरंग गायकवाडला, त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. उपचार गावकुसाबाहेर जात नव्हते म्हणून सावित्रीमाई गावकुसाबाहेर गेल्या. आरोग्यसेवेत समता म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या आम्हाला माहीत नाही. जो सगळ्यात लांब आहे त्याच्याकडे आधी जायचे.

आपल्याही माणसांना दोन शब्द

टीका फक्त बाहेरच्यांवर करून आंबेडकरी माणसाचे भागत नाही. आपल्या वाडीतही 'उरलेला डोस' असतो. मंडळाचा अध्यक्ष आधी आपल्या भावकीला कळवतो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या शब्दाला वजन, गावातल्या विधवेच्या शब्दाला नाही. कार्यकर्ता शिबिर लावतो आणि यादीत पहिली पंधरा नावे आपल्याच गटाची घालतो. पंचशीलात आपण 'अदिन्नादाना' म्हणतो, म्हणजे जे दिलेले नाही ते न घेण्याचे व्रत. रांगेत दुसऱ्याची पाळी असताना फोनवर मिळालेला डोस हा न दिलेलाच असतो. विहारात शील म्हणून बाहेर पडल्यावर ते केंद्राच्या दारातही पाळावे लागते.

आणखी एक. लसीविषयी अफवा आपल्या मोबाईलवरूनही फिरल्या. सरकारवरचा अविश्वास समजण्यासारखा आहे, पण बुद्धाच्या वाटेवरचा माणूस ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, तपासून पाहतो. जो समाज लस नाकारतो त्याच्या नावावर 'त्यांना नकोच होती' असे लिहून त्याचा वाटा दुसरीकडे वळवणे सोपे जाते. आपला नकार दुसऱ्यांची सोय होतो.

मग करायचे काय?

आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. एक वही, एक फळा आणि थोडी इच्छाशक्ती लागेल.

१. एकविसाव्यासाठी बाटली उघडायचीच. पात्र माणूस दारात आला तर तो परत जाणार नाही, हा पहिला नियम. डोस उरू नयेत म्हणून बोलावणी शक्य तितकी दहाच्या पटीत करावीत आणि दुपारी तीनच्या सुमारास डोकी मोजून शेवटच्या बाटलीची तयारी करावी. चार वाजता घाबरण्यापेक्षा तीन वाजता मोजलेले बरे.

२. राखीव यादी आधी करावी, वाडीनिहाय. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या मदतीने प्रत्येक वाडीतून नावे घ्यावीत. फोन नसेल तर शेजाऱ्याचा नंबर चालावा. यादी ग्रामपंचायतीत मंजूर व्हावी. ग्राम आरोग्य समिती असतेच, तिला हे काम द्यावे.

३. क्रम गरजेने, आणि गरज सारखी असेल तर चिठ्ठीने. वय, आजार, रोज माणसांत मिसळून करायचे काम (सफाई कामगार, मासेविक्रेत्या, रिक्षावाले) हे निकष आधी. त्यानंतर सर्वांसमोर चिठ्ठ्या. आमचे काही मित्र म्हणतात, चिठ्ठी म्हणजे नशीब, आणि आपण नशीब मानत नाही. मित्रांनो, जन्मावरून ठरते ते नशीब. चिठ्ठीत प्रत्येकाला सारखीच संधी असते, तिथे आडनाव चालत नाही.

४. अंतराची भरपाई. "अर्ध्या तासात पोचेल त्याला" हा नियम दिसायला सरळ आहे, पण तो पेठेतल्या माणसाला झुकते माप देतो. म्हणून रोज एका लांबच्या वाडीची पाळी लावावी आणि त्या वाडीतल्या राखीव यादीच्या लोकांना शेवटच्या तासाला केंद्रावर बसवावे. डोस उरला नाही तर दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी. रिक्षाचे भाडे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून द्यावे.

५. फळ्यावर हिशेब. आज किती बाटल्या उघडल्या, किती डोस उरले, ते यादीतल्या कोणत्या क्रमांकांना दिले. नावे नकोत, माणसाचे आजारपण चव्हाट्यावर आणायचे नाही, क्रमांक पुरे. यादीबाहेर, कर्मचाऱ्याच्या किंवा सदस्याच्या नातेवाइकाला डोस दिला तर त्याची वेगळी नोंद आणि कारण. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगतेच की अशी माहिती मागण्याआधी स्वतःहून जाहीर करावी.

६. परत पाठवलेल्यांची वही. ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी. वाया गेलेला डोस जसा नोंदवतात तसाच परत गेलेला माणूस नोंदवावा: तारीख, वाडी, कारण. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. आणि एकाही माणसाला परत न पाठवता ज्या केंद्रावर चार डोस वाया गेले, तिथल्या ताईंना खुलासा विचारू नये. त्यांचे कौतुक करावे.

यावर "एवढ्या छोट्या गोष्टीसाठी एवढी यंत्रणा?" असे म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा की पाणीही छोटीच गोष्ट होती. २० मार्च १९२७ ला महाडला आपली माणसे चवदार तळ्यावर गेली ती एका ओंजळीसाठी. तळ्यात पाणी भरपूर होते, कमी नव्हतेच. प्रश्न होता की पाणी सार्वजनिक असूनही ते घ्यायला कुणाची परवानगी लागते. लसही सार्वजनिक पैशाची आहे. ती घ्यायला कुणाच्या मोबाईलमध्ये आपला नंबर असावा लागत असेल, तर ते तळे अजून पुरते खुले झालेले नाही.

म्हणून आंबेडकरी तरुणांनो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. आपल्या आरोग्य केंद्रावर जा, ताईंशी भांडायला नको, त्यांच्याशी बोलायला जा. त्यांच्यावरचा धाक समजून घ्या आणि त्यांच्या बाजूने उभे राहा. आपल्या वाडीत पाच वर्षांखालची किती मुले आहेत आणि त्यांपैकी कुणाची गोवराची लस राहिली आहे, याची यादी या महिन्यात तयार करा. केंद्राकडे परत पाठवलेल्यांची वही नसेल तर ती तुम्ही सुरू करा. शंभर पानी वही पुरेल. पहिल्या पानावर लिहा: वाडी, तारीख, कारण. पुढची साथ येईल तेव्हा तीच वही आपला पुरावा असेल.

जयभीम!